आधी जेवणाची वेळ, मग पिंजरा: गल्लीतल्या मांजरांची नसबंदी करू पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

रावपुरा, दांडिया बाजार, शियाबाग, बाबाजीपुरा या भागांत जुने वाडे अजून उभे आहेत. वाडा म्हटला की माळा आला, जिन्याखालची अडगळ आली, वर्षानुवर्षं कुलूप असलेली एखादी खोली आली. मांजरीला व्यायला याहून चांगली जागा नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. ती साधारण ६३ ते ६५ दिवस गाभण असते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे वर्षात दोन-तीन वेळा विणं तिला जड जात नाही. जड जातं ते पिल्लांना. स्कूटरखाली, कुत्र्यांच्या तोंडी, उलट्या-जुलाबाच्या साथीत त्यांतली बरीचशी जातात. हे ज्यांना बघवत नाही ते ओट्यावर वाटीभर दूध ठेवू लागतात. हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच की खायला घालणं आणि नसबंदी करून घेणं हे एकच काम आहे. नुसतं खायला घालत राहिलात तर दोन वर्षांत मांजरं वाढतील, शेजारी वैतागतील आणि कुणीतरी एक दिवस पोत्यात भरून त्यांना विश्वामित्री नदीपलीकडे सोडून येईल. नुसता पिंजरा घेऊन गेलात तर एकही मांजर हाती लागणार नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घातलेलं खाणं हे पकडण्याचं पहिलं साधन आहे.

वेळ बांधा

दिवसभर ताटली भरून ठेवू नका. सकाळी साडेसहा आणि रात्री साडेनऊ अशा दोन वेळा धरा आणि त्या मोडू नका. अर्ध्या तासाने ताटली उचला, जागा पुसा. आठवडा-दोन आठवड्यांत मांजरं तुमच्या आधी येऊन बसलेली असतील. याचे फायदे एकातून एक निघतात. सगळी एकाच वेळी येतात म्हणून मोजता येतात. कोण लंगडतंय, कोण नुसतं हुंगून मागे सरकतंय, कुणाच्या तोंडातून लाळ गळतेय हे कळतं. उरलेलं अन्न पडून राहत नाही, त्यामुळे मुंग्या, घुशी आणि तक्रारी येत नाहीत. आणि पकडायच्या दिवशी पोट रिकामं असल्याची खात्री देता येते. ही खात्री भुलीसाठी फार महत्त्वाची आहे, पुढे ते येईलच.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहा. जिना, दरवाजा, मुलांची खेळायची जागा टाळा. आणि चबुतऱ्याजवळ चुकूनही घालू नका. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत मांजराने कबुतर धरलं, की पुढे तुम्ही काहीही सांगा, त्या पोळीत, म्हणजे घराला घर लागलेल्या त्या जुन्या गल्लीत, तुमचं कुणी ऐकणार नाही.

दूध नको

मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना गाईम्हशीचं दूध पचत नाही. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं. दूध-पोळी, दूध-भात हे आपल्या घराघरांतलं प्रेमाचं खाणं असलं तरी मांजर पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

बडोद्यात हा प्रश्न नाजूक आहे. आपल्या घरी मासे शिजतात, भिंतीपलीकडे जैन किंवा वैष्णव कुटुंब राहतं. त्यांच्या दारासमोर कोंबडीचे तुकडे टाकणं मला पटत नाही, मांजराच्या नावावरसुद्धा नाही. म्हणून रोजच्यासाठी मांजरांचं तयार कोरडं खाद्य घ्या. त्याला वास कमी, सांडलं तर झाडता येतं, पावसाळ्यात डब्यात टिकतं, पर्युषणात मांसाची दुकानं बंद असली तरी अडत नाही. मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं. अधूनमधून उकडलेलं अंडं, किंवा आपल्याच अंगणात मीठ-मसाला न घालता उकडलेली, हाडं काढलेली कोंबडी. कांदा-लसूण पडलेलं काहीही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यांचं खाद्य स्वस्त पडतं, पण त्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन नसतं.

पाण्याचं भांडं मात्र दिवसभर राहू द्या. मातीचं, जड, सावलीत ठेवलेलं. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी पार करतो तेव्हा खाण्याआधी पाणी.

मोजणी

फोनमध्ये प्रत्येक मांजराचे तीन फोटो ठेवा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. नावं ठेवा, नाहीतर ‘ती पांढरी’ कुठली यावर घरातच वाद होतील. भाटी की बोका हे लांबून ओळखायच्या काही खुणा आहेत. काळा, केशरी आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नेहमी भाटीच. केशरी मांजर बहुधा बोका. गाल फुगलेले, मान जाड, कानावर जुन्या मारामारीच्या खुणा, आणि मागून बघताना शेपटीखाली दोन गोळ्या दिसल्या तर प्रश्नच नाही.

भाटींमध्ये आणखी एक गोष्ट शोधायची: पोटाखालची आचळं. गुलाबी, फुगलेली आणि भोवतीचे केस चोखून गेलेले दिसले तर ती पाजते आहे. तिला आत्ता धरलंत तर माळ्यावर कुठेतरी पिल्लं उपाशी राहतील. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन ताटलीवर खायला येऊ लागेपर्यंत थांबा, मग आईला धरा. पण त्यापुढे थांबू नका, कारण तोवर ती परत गाभण राहायला मोकळी झालेली असते.

आधी भाट्या करायच्या की बोके? हातात पैसे आणि वेळ थोडा असेल तर आधी भाट्या, असं माझं मत आहे. एक बोका राहिला तरी गल्लीतल्या सगळ्या भाट्या गाभण राहू शकतात. एक भाटी झाली की तिची पिल्लं कायमची थांबली.

शेजाऱ्यांशी बोला, पिंजरा आणण्याआधी

पोळीत रात्री कुणी पिंजरा लावताना दिसलं तर लोक घाबरणारच. मांजरं विकायला नेतायत, मारायला नेतायत, काहीही बोलतील. म्हणून आधी घरोघर जा. समोरच्या मासींना त्यांच्याच भाषेत सांगा: ‘मासी, ऑपरेशन करावीने पाछी मूकी दईशुं, पछी बच्चां नहीं थाय.’ एवढ्या वाक्याने निम्मं काम होतं. ‘पाछी मूकी दईशुं’ हे मुद्दाम म्हणा, कारण मांजर परत येणार आहे हे कळलं की प्रेम करणाऱ्यांची धास्ती जाते. जे वैतागलेले असतात त्यांना वेगळं सांगावं लागतं: नसबंदीनंतर बोक्यांच्या रात्रीच्या मारामाऱ्या आणि दारावर उडवलेल्या लघवीचा उग्र वास बराच कमी होतो, भाटीचं माजावरचं ओरडणं थांबतं.

काही घरांत ‘हे पाप आहे’ असं मनापासून वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नका. पावसाळ्यात जिन्याखाली मेलेली पिल्लं त्यांनीही उचललेली असतात. तेवढी आठवण शांतपणे करून द्या आणि त्यांच्याकडून फक्त एक मागा: ठरलेल्या दिवशी आदल्या रात्रीपासून कुणीही काही खायला घालू नये. एका आजोबांनी प्रेमाने ठेवलेली दुधाची वाटी सगळा बेत उधळते.

कायद्याची माहिती जवळ असू द्या, दाखवायची वेळ आली तरच काढा. ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ यांतला २० वा नियम गल्लीतल्या जनावरांच्या खाण्याबद्दल आहे. त्यासाठी जागा आणि वेळ ठरवून देण्याची जबाबदारी तो सोसायटीवर किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीवर टाकतो, आणि खायला घालणाऱ्यानेही जागा स्वच्छ ठेवायची असते. जनावराला विष घालणं किंवा लुळं करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा तर आहेच.

डॉक्टर ठरवा

कॉर्पोरेशनचं नसबंदीचं काम मुख्यतः कुत्र्यांभोवती फिरतं. मांजरांसाठी तुम्हालाच खाजगी डॉक्टर किंवा एखादी प्राणिमित्र संस्था गाठावी लागेल. पाळीव मांजरांचे चांगले डॉक्टर सगळेच गल्लीतलं जनावर घेतात असं नाही, म्हणून फोनवर हे विचारून घ्या: हात न लावू देणाऱ्या मांजराला पिंजऱ्यातूनच इंजेक्शन द्याल का? आत विरघळणारे टाके घालाल का? कारण टाके काढायला तिला दुसऱ्यांदा धरणं जवळजवळ अशक्य असतं. भुलीतच रेबीजची लस द्याल का? वेदना कमी करणारं इंजेक्शन आणि काही दिवस अंगात टिकणारं प्रतिजैविक अशी दोन्ही द्याल का? कानाचं टोक कापाल का?

हा शेवटचा प्रश्न ऐकून नवी माणसं दचकतात. भूल असतानाच एका कानाचं टोक, सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी, सरळ रेषेत कापतात. जखम लवकर भरते आणि आयुष्यभर लांबून ओळखता येतं की हिचं झालेलं आहे. ही खूण नसेल तर दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी तिला पकडेल, पोट उघडेल आणि आत काहीच सापडणार नाही. तिला तो त्रास कशाला?

पिंजरा

मांजरासाठी पिंजरा साधारण अडीच फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच लागतो. आत मागच्या बाजूला पाय पडताच दार पाडणारी पट्टी असते. तयार मिळतो, नाहीतर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. करून घेत असाल तर जाळी बारीक ठेवा, पंजा किंवा तोंड अडकायला नको. पडलेलं दार आतून ढकलून उघडता येऊ नये. आणि मागेही एक सरकतं दार असावं, म्हणजे दुसऱ्या पिंजऱ्यात हलवताना हात घालावा लागत नाही.

पहिले चार-सहा दिवस दार दोरीने वर घट्ट बांधून ठेवा आणि रोजचं खाणं पिंजऱ्यात द्या. आधी दाराशी, मग रोज थोडं आत. तळाला वर्तमानपत्र, वारा असेल तर चिकटपट्टीने चिकटवलेलं. पायाखाली जाळी टोचली तर मांजर मागे फिरतं. हे दिवस वाचवावेसे वाटतात, पण वाचवू नका.

पकडण्याचा दिवस

आधी डॉक्टरांची वेळ नक्की करा, मगच दोरी सोडा. आदल्या रात्रीचं जेवण बंद, पाणी चालू. सकाळी उजाडताना पिंजरा नेहमीच्या जागी ठेवा. पट्टीच्या मागे चमचाभर सुकट किंवा सुक्या बोंबलाचे तुकडे, त्याहून जास्त नको. भुकेलं मांजर वासाने येतं, आणि पोट रिकामं असल्यामुळे भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका टळतो. मोठ्या मांजराला आठ ते बारा तास पोट रिकामं लागतं. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचे तास डॉक्टरांना विचारा.

लांब बसा, पण पिंजऱ्यावरून नजर हलवू नका. लावलेला पिंजरा सोडून चहाला जाणं म्हणजे आतल्या मांजराला कुत्र्यांच्या आणि उन्हाच्या हवाली करणं. दार पडलं की ती धडका मारेल, नाक खरचटेल, ते दृश्य फार वाईट वाटतं. ताबडतोब जाडी चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की मिनिटाभरात ती शांत होते. बोटं आत घालू नका, ‘अगं, घाबरू नको’ म्हणून कुरवाळू नका. आणि घरी नेऊन दुसऱ्या खोक्यात घालायचा विचार तर अजिबात नको. ज्या पिंजऱ्यात धरली त्याच पिंजऱ्यातून डॉक्टरांकडे. रिक्षात खाली प्लॅस्टिक आणि वर्तमानपत्र घाला, रिक्षावाल्या भाईंना आधी सांगा. एका पिंजऱ्यात एकच मांजर.

धूर्त मांजरं पट्टी ओलांडून खातात. त्यांच्यासाठी पट्टीवरही वर्तमानपत्र पसरा आणि खाणं अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवा. तरी आलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या, रोजचं जेवण घाला. उपासमार दोन दिवस चालवायची नाही.

चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सयाजी हॉस्पिटल चोवीस तास उघडं असतं. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून ठिपका दिसला तरी आत पू होतो. रेबीजची लस तर घ्यायचीच. हे काम नेहमी करणार असाल तर चावण्याआधीच घ्यायच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर त्यांनी मांजराची विष्ठा साफ करू नये.

ऑपरेशननंतरचे दिवस

भुलीतून येताना मांजराचे डोळे उघडे असतात आणि ते झोकांड्या खातं. नवख्याला वाटतं ते जागं झालंय. तसं नसतं. अंग थंड पडू देऊ नका. पिंजऱ्याखाली घोंगडी, एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाणं-पाणी नको. संध्याकाळी थोडं पाणी, मग थोडं ओलं खाणं.

बोक्याला साधारण एक दिवस ठेवलं तरी चालतं. भाटीला दोन-तीन दिवस ठेवा, टाक्यांवर डॉक्टरांची नजर पडली तर उत्तम. जखमेतून रक्त गळत असेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, पोट फुगत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही ती तोंड लावत नसेल तर वाट बघू नका. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांसाठी असलेलं गोचिडांचं औषधही तसंच, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे.

रिकामा झालेला पिंजरा साबणाने धुऊन ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसा, एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओला ठेवून परत धुवा आणि उन्हात वाळवा. पिल्लांना उलट्या-जुलाबाने नेणारा विषाणू महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि फिनाईलने भागत नाही. शिवाय फिनाईल मांजरालाच बाधतं.

सोडायचं ते जिथून धरलं तिथेच, सकाळी, दार रस्त्यापासून उलट दिशेला करून. दुसरीकडे ‘चांगल्या ठिकाणी’ सोडू नका. अनोळखी जागेत तिला ना पाणी माहीत, ना लपायची जागा, आणि तिथली मांजरं तिला टिकू देत नाहीत. दोन-चार दिवस ती तुमच्यावर रुसून ताटलीला येणार नाही. वेळ मोडू नका, येते. बोक्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: ऑपरेशननंतरही काही आठवडे तो भाटीला गाभण ठेवू शकतो.

बडोद्याचं पंचांग

नोव्हेंबर-डिसेंबर हे या कामाचे सर्वात चांगले महिने: हवा गार, टाके लवकर सुकतात, आणि वसंतातला माज अजून सुरू झालेला नसतो. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा, लाऊडस्पीकर आणि वर्दळ असते, तेव्हा मांजरं वेळेवर येतच नाहीत. दिवाळीत फटाके. पावसाळ्यात पिंजरा जमिनीवर लावून बसणं धोक्याचं. विश्वामित्री कशी वर येते हे ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्या शहराने पाहिलं. नदीकाठच्या भागात राहत असाल तर कोरड्या खाद्याचा डबा आणि पिंजरे वरच्या मजल्यावर ठेवा. पुरात मांजरं गच्चीवर चढतात, खाणंही तिथेच न्यावं लागतं.

उत्तरायणाच्या आठवड्यात कुणालाही टाके घालून सोडू नका. १४ आणि वासी उत्तरायणाच्या १५ जानेवारीला गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, दवाखाने बंद मिळतात. पण खरा धोका त्यानंतरचा आहे. पतंग उतरतात, दोरा कौलांवर, झाडांवर, वळचणीला महिनाभर लोंबत राहतो. मांजर त्याच्याशी खेळतं आणि गिळतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि फाटतं. म्हणून १६ तारखेला मुलांना हाताशी घ्या आणि गच्चीवरचा, गल्लीतला दोरा गुंडाळून गोळा करा. एखाद्या मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा बाहेर आलेला दिसला तर ओढू नका, कापूही नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. जखमी जनावरासाठी गुजरातेत १९६२ हा करुणा ॲम्ब्युलन्सचा क्रमांक आहे.

पिल्लं सापडली तर

लगेच उचलू नका. आई खाणं शोधायला गेलेली असते किंवा तुमच्यामुळेच दूर थांबलेली असते. लांबून काही तास बघा. ती खरंच परतली नाही तरच हात लावा. आधी ऊब द्या, मग खाणं. थंड पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही. पाजताना पालथं धरा, उताणं नाही. मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, तीच वापरा. माणसाळवायचं असेल तर सात-आठ आठवड्यांच्या आत सोपं जातं. पुढे अवघड होत जातं, तेव्हा घर मिळण्याची खात्री नसेल तर पिल्लू गल्लीतच मोठं होऊ द्या आणि वेळेवर ऑपरेशन करा.

गावाला जाणार असाल तर खाद्याच्या डब्यावर कागद चिकटवा: दोन्ही वेळा, मोजायची वाटी, प्रत्येक मांजराचं नाव आणि फोटो, कुणाचं झालंय, कुणाचं राहिलंय, डॉक्टरांचा फोन. ज्यांच्याकडे डबा देताय त्यांना सांगून ठेवा की पूर्ण कानाचं नवं मांजर ताटलीवर दिसलं तर त्याच दिवशी फोटो पाठवायचा. मग तुम्ही परत आलात की पिंजऱ्याचं दार बांधून दुसऱ्या दिवसापासून त्याचं खाणं आत सुरू करता येतं.